पुण्याची बी.ई. आणि टेक्ससचं पी.ई. लायसन्स: एका पदवीच्या मोजणीचं प्रकरण

अर्जदार स्थापत्य अभियंता आहेत. पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका खासगी महाविद्यालयातून २०१२ मध्ये बी.ई. सिव्हिल, डिस्टिंक्शनसह. त्यानंतर सहा वर्षं पुण्यातल्या एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे आर.सी.सी. इमारती आणि लहान पुलांचं डिझाइन. २०१९ पासून ह्यूस्टनमध्ये, पुलांचं काम करणाऱ्या कंपनीत. पदनाम 'डिझायनर'. गणितं त्याच करतात, ड्रॉइंग त्याच तपासतात, पण शिक्का आणि सही दुसऱ्याची असते, कारण त्यांच्याकडे पी.ई. म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअर हे लायसन्स नाही. कंपनीची शेजारच्या राज्यांतही कामं आहेत आणि पाच वर्षांनी साहेबांनी स्पष्टच सांगितलं की पुढची बढती लायसन्सवर अडली आहे.

हे प्रकरण एका व्यक्तीचं नाही. महाराष्ट्रातून गेलेल्या अभियंत्यांच्या अर्जांत जे पुन्हा पुन्हा दिसतं ते एकत्र करून मांडलं आहे. विषयवार क्रेडिटचे आकडे नमुन्याचे आहेत, नियमांतले आकडे मात्र खरे.

पहिला गैरसमज इथेच दूर केलेला बरा. 'माझी पदवी तिकडे चालते का?' असं सगळे विचारतात. चालते किंवा चालत नाही असं उत्तर या प्रश्नाला सहसा नसतंच. पदवी किती वर्षांच्या अनुभवाइतकी धरायची एवढंच लायसन्स देणारं मंडळ ठरवतं. अमेरिकेत हे लायसन्स केंद्र सरकार देत नाही, प्रत्येक राज्याचं मंडळ देतं, त्यामुळे एकाच मार्कशीटची किंमत राज्यागणिक बदलते.

टेक्ससचा कायदा दोन वाटा देतो. पदवी 'एबेट' या, अमेरिकेत अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची असेल, किंवा तिच्या तोडीची ठरली, तर चार वर्षांचा अनुभव पुरतो. तशी नसेल तर आठ वर्षांचा लागतो. कॅलिफोर्नियात हिशेब वेगळ्या भाषेत मांडला आहे, पण मुद्दा तोच. तिथे एकूण सहा वर्षं भरायची असतात. मान्यताप्राप्त पदवीची चार धरतात, मान्यता नसलेल्या अभियांत्रिकी पदवीची दोन. म्हणजे तिथेही पदवी कुणी फेकून देत नाही, तिची किंमत अर्धी होते आणि उरलेली वर्षं कामातून भरावी लागतात.

अर्जदारांकडे पुण्याची सहा आणि ह्यूस्टनची पाच अशी अकरा वर्षं आहेत. आठ वर्षांची वाट त्यांना आजही मोकळी आहे. मग पदवीच्या तुल्यतेच्या भानगडीत पडायचंच कशाला? या प्रश्नाकडे शेवटी येऊ, कारण सगळा निर्णय त्यावरच फिरला.

वॉशिंग्टन करार मदतीला का आला नाही

वॉशिंग्टन करार म्हणजे वेगवेगळ्या देशांत अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या संस्थांनी एकमेकांची मान्यता ग्राह्य धरण्याचा करार. भारत २०१४ च्या जूनमध्ये त्याचा पूर्ण सभासद झाला. ही बातमी तेव्हा महाविद्यालयांच्या माहितीपत्रकांत मोठ्या अक्षरांत छापली गेली आणि अनेक पालकांनी तिचा अर्थ 'आता आपली बी.ई. जगभर चालणार' असा घेतला. बारीक अक्षरांतला मजकूर वेगळा आहे.

एक तर भारताच्या बाजूने सही राष्ट्रीय मान्यता मंडळाची, म्हणजे एन.बी.ए.ची आहे, आणि करारात फक्त एन.बी.ए.ने 'टियर वन' म्हणून मान्यता दिलेले अभ्यासक्रम येतात. टियर वनसाठी संस्था स्वायत्त असावी लागते किंवा तो विद्यापीठाचा स्वतःचा विभाग असावा लागतो. विद्यापीठाचा सिलॅबस शिकवणारी आणि विद्यापीठाची परीक्षा घेणारी संलग्न महाविद्यालयं 'टियर टू'मध्ये येतात. टियर टूची मान्यता खरी आहे, पण ती कराराच्या बाहेर आहे. महाराष्ट्रातली बहुसंख्य खासगी महाविद्यालयं त्या काळी संलग्नच होती. नॅकचा 'ए' ग्रेड तर इथे मोजतच नाहीत, कारण नॅक संपूर्ण संस्थेला गुण देतं आणि एन.बी.ए. एकेका अभ्यासक्रमाला. मेकॅनिकलला मान्यता आहे म्हणून सिव्हिलला असेलच असं नाही.

दुसरं म्हणजे तारीख. अर्जदारांची पदवी २०१२ ची, भारताचं पूर्ण सभासदत्व २०१४ चं. तेव्हाचा भारत तात्पुरता सभासद होता आणि तात्पुरत्या सभासदाच्या पदव्यांना परस्पर मान्यता मिळत नाही.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. अमेरिकेकडून करारावर सही एबेटची आहे, राज्यांच्या लायसन्स मंडळांची नाही. करार झाल्याने मंडळ बांधलं जात नाही. काही मंडळं कराराला वजन देतात, काही देत नाहीत. टियर वनची पदवी हातात असलेल्यांनाही म्हणूनच अनेक राज्यांत स्वतंत्र मूल्यमापन करावंच लागतं.

मूल्यमापन: तीन कप्पे

हे मूल्यमापन एन.सी.ई.ई.एस. ही राज्य मंडळांची सामायिक परिषद करते. फी ४०० डॉलर. डब्ल्यू.ई.एस. या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेचं मूल्यमापन अर्जदारांनी नोकरीसाठी आधीच करून घेतलं होतं आणि तेच पुढे पाठवावं असा त्यांचा विचार होता. तो उपयोगाचा नव्हता. 'ही पदवी अमेरिकेतल्या बॅचलर डिग्रीच्या बरोबरीची आहे' इतकंच डब्ल्यू.ई.एस. सांगतं. त्या पदवीत अभियांत्रिकीच्या निकषाइतकं गणित आहे का, हे ते पाहत नाही.

एन.सी.ई.ई.एस.च्या निकषात तीन कप्पे आहेत आणि ते क्रेडिटमध्ये, म्हणजे शिकवण्याच्या तासांवरून ठरणाऱ्या विषयाच्या वजनात, मोजतात. उच्च गणित आणि मूलभूत विज्ञान मिळून ३२ सेमिस्टर क्रेडिट. अभियांत्रिकी शास्त्र आणि डिझाइन ४८. सामान्य शिक्षण, म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, साहित्य, नीतिशास्त्र असे विषय, १२. तिन्ही कप्पे वेगवेगळे भरावे लागतात आणि एकाची जास्तीची क्रेडिट दुसऱ्यात ओतता येत नाहीत. आपल्या पदव्या बरोबर इथेच अडकतात.

अर्जदारांचा हिशेब साधारण असा लागला. त्या २००८ पॅटर्नच्या, म्हणजे विद्यापीठाने २००८ मध्ये लागू केलेल्या अभ्यासक्रमाच्या. एम-वन, एम-टू, एम-थ्री हे गणिताचे तीन पेपर मिळून १२. पहिल्या वर्षाचे अप्लाइड सायन्सचे दोन पेपर मिळून ८. सेकंड इयरचं इंजिनिअरिंग जिऑलॉजी ३. बेरीज २३, म्हणजे ३२ ला ९ कमी. अभियांत्रिकीचा कप्पा सत्तरच्या वर भरला. सामान्य शिक्षणात कम्युनिकेशन स्किल्स आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या पेपरातला अर्थशास्त्राचा भाग धरून ४, म्हणजे ८ कमी.

डिस्टिंक्शन असलेल्या माणसाला 'गणितात कमतरता' असा कागद हातात पडला की अपमान वाटतो. कारण मात्र साधं आहे. तिथला विद्यार्थी पहिली दोन वर्षं कॅल्क्युलसचे तीन भाग, डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनियर अल्जिब्रा, स्टॅटिस्टिक्स, फिजिक्सचे दोन भाग, केमिस्ट्री असे स्वतंत्र विषय घेत जातो. आपण तेच बरंचसं तीन पेपरांत कोंबतो. एम-थ्रीच्या एका पेपरात लिनियर डिफरन्शियल इक्वेशन्स असतात, संख्याशास्त्राचा तुकडा असतो, व्हेक्टर कॅल्क्युलसही असतं. आशय येतो, तास येत नाहीत, आणि क्रेडिट तासांवर मिळतं. अकरावी-बारावीचं कॅल्क्युलस कितीही कस लावणारं असलं तरी ते शाळेच्या खात्यात जातं.

काय धरत नाहीत तेही बघा. गणित म्हणजे त्रिकोणमितीच्या पुढचं गणित. त्यात डिफरन्शियल व इंटिग्रल कॅल्क्युलस आणि डिफरन्शियल इक्वेशन्स असलीच पाहिजेत. विज्ञानात रसायन, कॅल्क्युलसवर आधारलेलं भौतिक आणि जीवशास्त्र यांपैकी दोन वेगवेगळ्या शाखांचे विषय लागतात. प्रोग्रॅमिंग गणितात धरत नाहीत आणि नुसतं कौशल्य म्हणून शिकवलं असेल तर अभियांत्रिकीतही नाही. वर्कशॉपमधलं फिटिंग, कारपेंटरी आणि तो चौकोनी जॉब कुठल्याच कप्प्यात बसत नाही.

इथे २००८ पॅटर्नची एक खास अडचण उभी राहते. मार्कशीटवर फिजिक्स किंवा केमिस्ट्री असं कुठे लिहिलेलंच नाही, 'अप्लाइड सायन्स वन' आणि 'टू' एवढंच आहे. मूल्यमापन करणाऱ्याने नुसती मार्कशीट पाहिली तर दोन शाखांची अट पूर्ण झाली हे त्याला कळायला मार्ग नाही. ते सिलॅबसवरूनच दिसतं, म्हणून प्रत्येक पेपराचा युनिटवार सिलॅबस आणि आठवड्याचे तास दाखवणारं पान सोबत जोडावं लागतं.

डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलेल्यांचं प्रकरण याहून कठीण असतं. त्यांच्या विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर सहाच सेमिस्टर असतात. एम-वन, एम-टू आणि पहिल्या वर्षाचं विज्ञान त्यात नसतंच. त्यांनी तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाचं ट्रान्सक्रिप्ट आणि सिलॅबसही पाठवलेच पाहिजेत. न पाठवल्यास परिषदेच्या लेखी ती पदवी तीन वर्षांची दिसते. पाठवूनही डिप्लोमातलं बीजगणित आणि त्रिकोणमिती गळून जाते, कॅल्क्युलसचा भागच विचारात घेतला जातो. अशा अर्जदारांनी मोठी तूट गृहीत धरूनच सुरुवात करावी.

कागद कुठे अडले

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कागदांत. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट परिषदेकडे जावं लागतं. अर्जदाराने स्कॅन करून पाठवलेल्या मार्कशीट ट्रान्सक्रिप्ट म्हणून स्वीकारत नाहीत, मग त्यावर नोटरीचा शिक्का असो की राजपत्रित अधिकाऱ्याची सही. महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी दिलेला लिफाफाही भागवत नाही, कारण पदवी विद्यापीठाची आहे.

सिलॅबसबाबत पहिली चूक हमखास होते ती पॅटर्नची. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून आज उतरवला जातो तो सध्याचा पॅटर्न, आणि त्यात क्रेडिट छापलेली असल्याने तोच पाठवण्याचा मोह होतो. पण मग मार्कशीटवरचं विषयाचं नाव आणि सिलॅबसमधलं नाव जुळत नाही. अर्जदारांच्या बाबतीत असंच झालं आणि चौकशीचं पत्र आलं. पुढे महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून २००८ पॅटर्नची जुनी छापील पुस्तिका काढून, चारही वर्षांची पानं साक्षांकित करून घ्यावी लागली. अजून शिकत असलेल्यांनी आपल्या पॅटर्नची संपूर्ण फाइल आत्ताच उतरवून ठेवावी. दहा वर्षांनी ती शोधण्यात महिने जातात.

मग नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे पतीचं नाव. परिषदेच्या खात्यावर तिसरंच रूप, कारण तिथल्या फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव एवढे दोनच रकाने महत्त्वाचे. ट्रान्सक्रिप्ट येऊन पोचतं, पण कुणाच्या खात्याला जोडायचं ते कळत नाही म्हणून पडून राहतं. यावर उपाय असा की खातं उघडताना पासपोर्टप्रमाणे नाव द्यायचं, पूर्वीच्या नावाच्या रकान्यात मार्कशीटवरचं नाव जसंच्या तसं लिहायचं आणि विवाह प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत आधीच चढवून ठेवायची. परीक्षा केंद्रावर ओळखपत्राशी नाव अक्षरन् अक्षर जुळावं लागतं, तेही यातच उरकतं.

एक बारीक बाब. २०१२ च्या कागदांवर विद्यापीठाचं नाव 'पुणे विद्यापीठ' आहे, नंतरच्या ट्रान्सक्रिप्टवर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ'. नामविस्तार २०१४ चा आहे. एका ओळीचा खुलासा सोबत दिला की प्रश्न येत नाही.

तूट भरून काढणं

गणित-विज्ञानात ९ आणि सामान्य शिक्षणात ८. भरायचं कुठे? कम्युनिटी कॉलेज हा स्वस्त आणि सरळ मार्ग. संध्याकाळचे किंवा ऑनलाइन वर्ग असतात आणि क्रेडिट अमेरिकी असल्याने रूपांतराचा वाद उरत नाही. दुसरा मार्ग म्हणजे कॉलेज बोर्डाच्या क्लेप परीक्षा, ज्यात वर्गात न बसता परीक्षा देऊन क्रेडिट मिळतं. क्लेप धरणार का हे मात्र पैसे भरण्याआधी लायसन्स मंडळाला ईमेलवर विचारून घ्यावं आणि उत्तर जपून ठेवावं. फोनवरचं 'हो' नंतर कामाला येत नाही.

विषय निवडताना दोन सापळे असतात. सोपं म्हणून कॉलेज अल्जिब्रा किंवा प्री-कॅल्क्युलस घेतलं तर ते निकषात बसतच नाही आणि फी वाया जाते. उलट कॅल्क्युलस वन पुन्हा घेतलं तर एम-वन, एम-टूमध्ये तोच आशय आधी मोजलेला असल्याने दुहेरी मोजणी म्हणून ते वगळलं जाण्याची भीती. म्हणजे आधी नसलेलं आणि पातळीने पुढचं असं काहीतरी हवं. अर्जदारांनी लिनियर अल्जिब्रा ३, प्रॉबॅबिलिटी अँड स्टॅटिस्टिक्स ३ आणि प्रयोगशाळेसह जनरल बायोलॉजी ४ असे १० केले. बायोलॉजी पाहून घरच्यांना हसू आलं असणार, पण प्रयोगशाळेचं एक क्रेडिट जास्तीचं मिळतं आणि दुहेरी मोजणीचा प्रश्नच येत नाही. सामान्य शिक्षणासाठी अमेरिकेचा इतिहास, मानसशास्त्र आणि मॅक्रोइकॉनॉमिक्स, तिन्ही तीन-तीन क्रेडिटचे, एकूण ९.

लिनियर अल्जिब्राला नाव नोंदवताना कॉलेजने कॅल्क्युलस टू झाल्याचा पुरावा मागितला. भारतीय ट्रान्सक्रिप्ट वाचायची सवय तिथल्या नोंदणी खिडकीला नसते. अशा वेळी वाद घालण्याऐवजी गणित विभागाच्या प्रमुखांना एम-वन आणि एम-टूचा सिलॅबस पाठवून परवानगी मागावी. ती बहुधा मिळते. सत्र सुरू व्हायच्या आठवड्यात मागितली तर मात्र जागा भरलेल्या असतात.

सामान्य शिक्षणाची तूट काही मंडळं सोडून देतात. मग अर्जदारांनी तीन विषय जास्तीचे का केले? कंपनीची कामं इतर राज्यांत आहेत आणि तिथली मंडळं सोडून देतीलच असं नाही. मूल्यमापनाच्या अहवालावर एकदा 'तूट नाही' असं आलं की हा विषय कायमचा मिटतो. केवळ एकाच राज्यात काम करायचं असेल तर हा खर्च टाळता येईल.

इथे एम.एस.बद्दलही बोललं पाहिजे, कारण 'अमेरिकेतून एम.एस. झालं की बी.ई. कुणी बघत नाही' असं सर्रास म्हटलं जातं. काही राज्यं खरोखरच ज्या विद्यापीठाच्या त्याच शाखेच्या बॅचलर अभ्यासक्रमाला एबेटची मान्यता आहे तिथली एम.एस. ग्राह्य धरतात. जिथे तसं नाही, तिथे एम.एस.चे स्ट्रक्चरल डायनॅमिक्स, फायनाइट एलिमेंट, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट हे सगळे विषय ४८ च्या कप्प्यात पडतात, आणि तो तर आधीच ओसंडून वाहतोय. ३२ चा कप्पा तसाच रिकामा राहतो. एम.एस. करताना न्युमरिकल ॲनालिसिस किंवा स्टॅटिस्टिक्स गणित विभागातून ऐच्छिक म्हणून घेतलं तर तो भरतो. पहिल्या सेमिस्टरलाच हे ठाऊक असेल तर पुढची बरीच धावपळ वाचते.

परीक्षा

लायसन्ससाठी दोन परीक्षाही द्याव्या लागतात. मूल्यमापन चालू असताना त्या थांबवायचं कारण नव्हतं. पहिली फंडामेंटल्स परीक्षा, ११० प्रश्न, सहा तासांची वेळ. पदवीनंतर बारा वर्षांनी ती देणं जड जातं, कारण तिच्यात रोजच्या कामात न लागणारं सगळं असतं: गणित, संख्याशास्त्र, फ्लुइड्स, सर्व्हेइंग, पर्यावरण. स्वतःचं पुस्तक नेता येत नाही, परिषदेची संदर्भपुस्तिका पडद्यावर मिळते. ती आधी शंभरदा चाळलेली असली पाहिजे. सूत्र पाठ नसलं तरी चालतं, ते कुठल्या भागात आहे हे पाठ हवं. कॅल्क्युलेटर ठरावीक यादीतलाच लागतो. त्या यादीत कॅसिओचे एफएक्स-९९१ मालिकेतले सगळे आहेत, म्हणजे इंजिनिअरिंगला वापरलेला जुना कॅल्क्युलेटर चालू असेल तर तोच नेता येतो.

दुसरी पी.ई. सिव्हिल, पाच उपशाखांपैकी स्ट्रक्चरल. ८० प्रश्न, आठ तास. इथे अडचण विषयाची नसते, एककांची आणि कोडची असते. हात बसलेला असतो आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडवर आणि किलोन्यूटनवर. तिथे काँक्रीटसाठी ए.सी.आय. ३१८, स्टीलसाठी ए.आय.एस.सी., भारांसाठी ए.एस.सी.ई. ७, पुलांसाठी आश्टो, आणि सगळं किप, फूट, इंचांत. पाच वर्षं आश्टोवर काम केल्याने पुलांचा भाग अर्जदारांना सोपा गेला, लाकूड आणि मेसनरीचा भाग नव्याने शिकावा लागला.

अनुभव: पुण्याची सहा वर्षं मोजली जातात का

ह्यूस्टनच्या पाच वर्षांवर वाद नाही. काम लायसन्सधारक अभियंत्याच्या हाताखाली झालं आणि तोच साक्ष देतो. पुण्याचं काम अडतं ते साक्षीवर. भारतात वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, अभियंत्यांसाठी तसा देशपातळीवरचा कायदा नाही. महापालिका आपापल्या हद्दीपुरती स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी करतात, आणि इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स 'चार्टर्ड इंजिनिअर' म्हणते, पण ते सभासदत्व आहे. त्यामुळे पुण्याच्या साहेबांकडे तीस वर्षांचा अनुभव असला तरी मंडळाला हवं ते लायसन्स नाही. काही मंडळं परदेशातला वरिष्ठ अभियंता साक्षीदार म्हणून मान्य करतात, पण त्याची पात्रता लिहून द्यावी लागते: पदवी, महापालिकेचा नोंदणी क्रमांक, चार्टर्डचा क्रमांक. कन्सल्टंट निवृत्त झाला, फर्म बंद पडली, तर पुरावा संपला. नोकरी सोडतानाच कामांची यादी साहेबांच्या सहीनिशी घेऊन ठेवलेली असेल तर फार उपयोग होतो. अर्जदारांकडे ती होती ते बरं झालं.

वर्णन लिहिण्यातही अर्ज पडतात. 'विविध पुलांचे डिझाइन व साइट सुपरव्हिजन केले' हे वाक्य मंडळाला काहीच सांगत नाही. नोकरीच्या सी.व्ही.ला ते चालतं. इथे हवं असतं की निर्णय कुठला घेतला आणि कशाच्या आधारे. अर्जदारांच्या पहिल्या मसुद्यात 'कालव्यावरील पुलाचे डिझाइन' इतकंच होतं. सुधारलेल्या मसुद्यात ते असं झालं: स्पॅन किती, गर्डर आर.सी.सी. ठेवण्याऐवजी प्रीस्ट्रेस्ड का केले, आय.आर.सी. ६ या पुलांवरच्या भारांच्या भारतीय कोडप्रमाणे क्लास ए आणि ७० आर यांपैकी कुठला भार निर्णायक ठरला, पायाखालचा थर काळ्या मातीचा असल्याने फाउंडेशनची खोली कशी ठरवली, आणि यातलं स्वतः काय केलं, साहेबांनी काय तपासलं. वाचणाऱ्याला ७० आर म्हणजे काय हे माहीत नसतं. म्हणून आश्टोच्या एचएल-९३ सारखाच तो पुलावरच्या वाहनभाराचा ठरवून दिलेला नमुना आहे, असं एक वाक्य जोडलं. 'आम्ही केलं' असं लिहू नये. 'मी केलं' लिहायला आपल्याकडे संकोच होतो, पण सांघिक वाक्यात अर्जदाराचा वाटा दिसत नाही आणि मंडळ तेवढी वर्षं कापतं.

मग आठ वर्षांची वाट का नाही

आता सुरुवातीचा प्रश्न. ह्यूस्टनची पाच आणि पुण्याची निदान तीन वर्षं सिद्ध केली की आठ भरतात. ना तूट भरणं, ना बायोलॉजी. पन्नाशीच्या पुढचा, पंधरा-वीस वर्षांचा अमेरिकी अनुभव असलेला आणि टेक्ससबाहेर सही करायची गरज नसलेला अभियंता असेल तर हीच वाट शहाणपणाची. त्याला कम्युनिटी कॉलेजात बसवण्यात अर्थ नाही.

अर्जदारांसाठी ती नाकारण्याची दोन कारणं होती. पुण्याच्या तीन वर्षांची साक्ष मंडळाने मानली नाही तर हिशेब पाचावर येतो आणि आणखी तीन वर्षं थांबावं लागतं. चार वर्षांच्या वाटेवर मात्र ह्यूस्टनची पाच एकटीच पुरतात आणि पुणं नुसतं जोडीला राहतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एका राज्याचं लायसन्स दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, तिथे पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि ते मंडळ पहिल्या राज्याने लायसन्स दिलं एवढ्यावर थांबत नाही. पदवी, परीक्षा आणि अनुभव ते आपल्या नियमांवर पुन्हा तपासतं. ज्या राज्यात एबेटची किंवा तिच्या तोडीची पदवी ही अटच आहे, तिथे टेक्ससचं 'आठ वर्षंवालं' लायसन्स घेऊन गेलं की गाडी थेट पदवीच्या प्रश्नावर परत येते, तीही प्रकल्पाची मुदत डोक्यावर असताना. तेव्हा जुना सिलॅबस शोधायला निघणं परवडत नाही.

म्हणून क्रम असा ठरला. आधी मूल्यमापन मागवलं, ते चालू असताना फंडामेंटल्स दिली, अहवालातली तूट कळल्यावर तीन सत्रांत दोन-दोन करून सहा विषय केले, त्याच काळात पी.ई.ची तयारी केली. कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट परिषदेकडे थेट गेलं आणि अहवाल नव्याने निघाला. मग टेक्ससच्या मंडळाकडे अर्ज: अनुभवाची नोंद, लायसन्सधारकांच्या शिफारशी, बोटांचे ठसे आणि व्यावसायिक आचारसंहितेची ऑनलाइन परीक्षा. हा शेवटचा भाग फक्त चिकाटीचा आहे.

सगळे कागद मंडळाला वेगवेगळे न पाठवता परिषदेकडे 'रेकॉर्ड' म्हणून एकदाच उघडून ठेवले. त्यात ट्रान्सक्रिप्ट, मूल्यमापन, परीक्षांचे निकाल, अनुभव आणि शिफारशी एकत्र राहतात आणि पुढच्या राज्याला तिथूनच जातात. शिफारस करणारा नोकरी बदलून गेला किंवा निवृत्त झाला तरी त्याने एकदा दिलेली साक्ष त्यात टिकते. लुइझियाना किंवा ओक्लाहोमाचं काम कंपनीकडे आलं तर विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट विभागाला पुन्हा पत्र लिहावं लागणार नाही.